खोली दोनशे सात

शाहूपुरीतलं हॉटेल. प्रशिक्षणाचा तिसरा महिना.
आज माझ्या हातात फडकं नाही,
तपासणीची यादी आहे, क्लिपला लावलेली.

इंगवले मॅडमनी वर्गात शिकवलंय:
सुपरवायझरनं आधी वास घ्यायचा,
मग दिवे लावायचे,
मग आरशात तिरकं बघायचं.
आणि 'मी आलो' नाही गं, 'मी आले' म्हण,
पाहुणे पुण्या-मुंबईचे असतात, हसतात.

चादरीचा कोपरा कडक, पाकिटासारखा.
तो मला हौसामावशींनी शिकवला,
उचगावच्या. एकोणीस वर्षं
दुसऱ्यांचेच पलंग.
"उशी बडवायची न्हाई, पोर निजवल्यागत थापटायची."

त्या आता दाराशी, हात पदरात.

न्हाणीत, नळाच्या मागं एक केस.
लांब. पांढरा.
पाहुणा तर टकला होता.

स्वच्छ: होय / नाही.
पेन उघडंच राहिलं.

"लिव्ह की," मावशी म्हणाल्या,
"तुलाबी कुनीतरी तपासणारच."

मी 'नाही'वर खूण केली.
वाकले, केस उचलला,
टाकायला बादली समोर असून
खिशात ठेवला.

दोनशे आठची किल्ली मावशींनीच लावली.
"येतीस न्हवं?"

"आलो की," मी म्हणालो.