मिठाची वही

कोठार रिकामं झालं तेव्हा वही अर्धीच भरली होती.
आबांच्या हातचे आकडे: खंडी, कुडव,
कुणाची होडी, कुणाची उधारी.
पुढची पानं कोरी.
एफ्रेम म्हणाला, कशाला फुकट घालवायची.
म्हणून त्याच तांबड्या रेघांत मी लिहिलं:
नोव्हेंबर, पहिला शनिवार. माणसं अकरा.
त्यातली तीन आमचीच.

आगरवाड्याला मुद्दाम कोण येणार?
चोपड्याच्या पुलावरून खाली उतरून
मिठागरांच्या कडेनं, टॉर्च घेऊन,
विंचू असतील म्हणून पाय आपटत.
आणि गाणार कोण, वाजवणार कोण
हे आधी सांगायचं नाही, असं ठरलेलं.
त्यामुळे लोक चिडून यायचे
किंवा यायचेच नाहीत.

खुर्च्या चाळीस, इगर्जीच्या हॉलातून मागून आणलेल्या.
एकीचा पाय आखूड. तिच्यावर मी.
माइक नाही.
पहिल्या रांगेचे गुडघे वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना लागायचे,
गवयानं आवंढा गिळला तर तोही ऐकू यायचा
आणि आपण उगाच आपला गिळायचो.

डिसेंबरातलं फारसं आठवत नाही.
एक जण नुसत्या काचेच्या बरण्या वाजवून गेला.
वहीत आहे: माणसं सहा, चहा नऊ.

घुमटाच्या रात्री कातडं दमटलं.
बकरीचं कातडं, हट्टी.
कायतानानं सोडणं पेटवली, घुमट शेकायला धरलं,
आणि धूर असा कोंडला
की वादक, श्रोते, खुर्च्या, सगळे खोकत बांधावर.
तिथंच वाजवलं मग. काळोखात.
क्लॅरिनेटवाला पोर्तो शहराचा, त्याला मानस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं;
भरती चढली, फळ्यांच्या फटींतून पाणी आत घुसू लागलं,
तो थांबला, म्हणाला, हा तिसरा कोण?
कायतान म्हणाला, हा न्हंयचो. पैसे घेत नाही.

भिंतींत मीठ अजून आहे.
चुना लावला, फुलून आलं. पुन्हा लावला, पुन्हा आलं.
संध्याकाळी त्या भिंती घामेजतात
आणि तारा उतरतात.
हे कुंदा खांडेपारकरांना सांगायचं राहून गेलं.

तंबोरा लावला. उतरला.
लावला. उतरला.
चौथ्यांदा त्यांनी खुंटीवरचा हात काढला,
भिंतीकडे पाहिलं, सुनेकडे पाहावं तसं,
आणि उतरल्या सुरावरच मारवा धरला.
तो सूरही थांबेना.
तंबोरा जसा खाली जाईल तशा त्या खाली,
पायरी न दाखवता,
जसं कुणी झोपलेलं मूल घेऊन जिना उतरतं.
पेटीला शाणू. एकोणीस वर्षांचा.
पेटीला असं उतरता येत नाही.
थोडा वेळ तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत शोधत राहिला,
मग भाता मिटला
आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकू लागला.
त्याचं तोंड उघडं होतं.
मी बिदागीच्या पाकिटावर नाव लिहीत होते, ते अर्धंच राहिलं.

नंतर कुणी म्हणालं, बाई बेसूर झाल्या.
कुणी चप्पल शोधत होतं.
शाणूनं पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्तीनं खिशात घातले.

एप्रिलच्या शेवटी आगरांत मीठ पिकलं,
बाहेर पांढरे ढीग,
आत आठ माणसं, एक व्हायोला.
माल ठेवायला जागा द्याल का, म्हणून बाहेर कामगार उभे.
कोठार शेवटी कोठारच.

हिशेब मांडला. तोटा बावीस हजार चारशे.
एफ्रेमनं चष्मा पुसला, काही बोलला नाही,
मग विचारलं, पुढल्या वर्षी बरण्यावाल्याला नको, नाही?

आबांच्या वहीत उजवीकडे एक रकाना आहे, येणे.
वर्षभर मी तो मोकळाच ठेवला होता.
त्यात लिहिलं:
कुंदाबाईंचा षड्ज, सुमारे अर्धा सूर.
भिंतीकडे.