चौदा नंबरचा निरोप

सकाळी आठला आधी ब्लोअर लावते.
कॅबिनेटच्या जाळीवर रातोरात साचलेली रुई
उडते, आणि माझ्याच केसांत येऊन बसते.
चादरी विणणाऱ्या गावात
संगणकालाही खोकला होतो,
हे पुण्याच्या करंदीकरांना फोनवर पटत नाही.

मग चार लाइनी.
दुसरीवर खरखर. तिसरी एप्रिलमध्ये
दुपारी बाराला मान टाकते, चारला उठते.
यूपीएसची बॅटरी अकरा मिनिटांची,
अक्कलकोट रोडची वीज गेली की तासाची.
त्या अकरा मिनिटांत
अर्धवट बोलणाऱ्यांना बोलू द्यायचं
आणि मशीन नीट झोपवायचं.

पेट्या सव्वीस.
शेठच्या पेटीत इरोडचा सूतवाला, रोज, हिंदीत, तेच.
एक्स्पोर्टच्या पेटीत रात्री अडीचला हॅम्बुर्गहून कुणीतरी
टॉवेलचा निळा म्हणजे नेमका कुठला निळा ते सांगत असतं.
पगाराच्या पेटीत उचल मागणारे
आधी खूप वेळ घसा खाकरतात.

"मराठीसाठी एक दाबा" हा आवाज माझा.
"तेलुगूसाठी दोन" पॅकिंगमधल्या पद्माचा.
चार दिवसांनी पाणी आलेलं, नळ चालू सोडून आलेली ती,
सगळं एका दमात म्हणून पळाली.
तीन वर्षं झाली, मशीनमध्ये
तिची घागर अजून भरतेच आहे.

डिस्क भरली की पुसायचं.
नियम माझाच:
ज्यात कुणी बोललेलं नाही, तो निरोप आधी.

मार्चमध्ये एकदा पुसण्याआधी, का कोण जाणे,
एक ऐकला.
खटक-खटक-खट. खटक-खटक-खट.
चाळीस सेकंद. मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज.
शेड चार. सोमवारी.
मंगळवारी दोनदा.
मागची यादी काढली तर असेच एकोणीस,
मीच पुसलेले.

शेड चारमधला फोन काळा, चकतीचा.
बटणंच नाहीत त्याला.
माझं मशीन म्हणतंय एक दाबा,
माणसानं दाबावं काय, कपाळ?

जेवणाच्या सुट्टीत दस्तगीर जॉबरच्या कानाला इयरफोन लावला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
त्याचं चावणं मध्येच थांबलं.
"चौदा नंबर. पिकर गेलाय.
धोटा परत येताना अडखळतोय बघा.
किती दिवस झाले?"
मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

मल्लेशम चिलवेरी मागापाशीच उभा होता,
तुटलेला ताणा जोडत.
विचारलं, काही बोलला का नाहीत हो?
वर न बघता म्हणाला,
"मशीनसंगट मी काय बोलू, बाई.
म्हटलं, तुम्ही दोघं बघून घ्या की."

आता काही न दाबणाऱ्याचा फोन
थेट माझ्या टेबलावर वाजतो.
आणि रिकामा निरोप
ऐकल्याशिवाय पुसत नाही.
बहुतेक रिकामेच असतात.
कुणाचा श्वास, कुणाचं पोर,
एकदा नुसता कुकर, तीन शिट्ट्यांपर्यंत.
रोजचा पाऊण तास जातो.
शेठनी विचारलं, एवढा वेळ करता काय?
म्हटलं, सफाई.

गेल्या गुरुवारी माझ्याच कॅबिनेटचा पंखा
दर सातव्या फेरीला उचकी देऊ लागला.
पुण्याला फोन लावला.
"स्क्रीनवर एरर कोड काय येतोय?" करंदीकर म्हणाले.
कोड काहीच येत नव्हता.
मी रिसीव्हर जाळीला टेकवला.
"हॅलो? हॅलो मॅडम? आवाज येत नाहीये तुमचा..."
मी धरूनच ठेवला,
चाळीस सेकंद.