दम धरा

तळघरात एक काचेची नळी आहे,
तिच्यात रुबिडियमची वाफ, वाफेवर लेसर,
आणि मधून सावकाश जाणारा झेनॉन.
कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू,
कुणाशी सोयरीक नाही, कुणाशी वैर नाही.
आम्ही फक्त त्याच्या अणूंना एका दिशेला वळवतो,
आणि ते वळलेले आहेत तोवर
तो पाहिलेलं सांगतो.
नंतर विसरतो.

म्हणून मी पळते.
पिशवी छातीशी धरून, जिना, दार, दुसरं दार,
एकोणचाळीस पावलं.
हातात एक लिटर काहीच नाही.

मशीनमध्ये जेनिस ऑल्डरॉइड, वय एकसष्ट.
हडर्सफील्डच्या वरच्या खोऱ्यात बस चालवायची,
गावच्या ब्रास बँडमध्ये चाळीस वर्षं फ्लूगलहॉर्न.
तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर
तिला जिन्याची पाचवी पायरी कळायला लागली.
एक्स-रे साफ. सीटी साफ. फुंकण्याची चाचणी
वयाच्या मानाने छान.
एका डॉक्टरने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?
दुसऱ्याने सांगितलं, थोडा दम धरा.
बँडने तिची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवली,
मग तिथे एक शाळकरी मुलगा बसवला.
चांगला वाजवतो, असं तीच म्हणाली. दोनदा.

तिला मी इंग्रजीत सांगते, घ्या, सगळं आत, आता धरा.
मनात मात्र माझ्या घरचा शब्द येतो.
दम. लागतो, तुटतो, खावा लागतो,
पोरांना भरावा लागतो, बटाट्यालाही द्यावा लागतो,
आणि धरायला सांगणारा
बहुतेक वेळा स्वतः उभा असतो, घड्याळ बघत.

चौदा सेकंद.
मशीन ठोकत राहतं.
झेनॉन उतरतो: श्वासनळी, फांद्या, डहाळ्या,
मग ती शेवटची इवली पिशवी
जिथं हवा संपते आणि रक्त सुरू होतं.
मधे भिंत, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.
काही अणू पलीकडे जातात.
जे जातात, ते वेगळ्या सुरात बोलतात.

"सोडा."
ती सोडते आणि काहीतरी बोलते,
आवाज खर्जातला, आडात उतरून बोलल्यासारखा;
झेनॉन जड, आवाजाला खाली ओढतो.
"ट्यूबा," ती त्याच आवाजात म्हणते आणि हसते,
हसता हसता खोकते.
घटकाभर डोकं हलकं झालंय तिचं.

पडद्यावर दोन चित्रं.
पहिल्यात फुप्फुसं काठोकाठ भरलेली, कुठे खोट नाही.
आजवर सगळ्यांना हेच दिसत होतं.
दुसरं, रक्तात उतरलेल्या वायूचं:
जिथं रंग हवा तिथं ओल्या फडक्याने पुसलेली पाटी,
तळाशी तर फारच.
हवा दारापर्यंत येते.
दार जेमतेम किलकिलं होतं.

डॉक्टर इफेओमा न्वोसू तिच्याशेजारी बसल्या.
यावर औषध आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत.
हा अभ्यास आहे, म्हणाल्या, अजून माणसं मोजतोय,
बेचाळीस झाली, तुम्ही त्रेचाळिसाव्या.
जेनिसने पडद्याला बोट लावलं.
"म्हणजे ते इथं होतं."
मग, बऱ्याच वेळाने,
"डोक्यात नव्हतं."
जीव भांड्यात पडतो म्हणतात. तसं नव्हतं ते.
भांडं आहे, एवढंच कळलं.

बाहेर नवरा थर्मास घेऊन बसला होता.
तिने त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.
त्याने झाकणात चहा ओतून तिच्या हातात दिला
आणि उगाचच तिच्या कोटाची बटणं लावली,
एक चुकीच्या काजात.

संध्याकाळी बसथांब्यावर नुसती थंडी,
माझ्या तोंडातून वाफ निघत होती.
एक श्वास आत घेऊन मी मोजून पाहिलं.
नवावर सुटला.