पाण्यात पाहणं

पहिल्या बाटलीतले दहा थेंब.
दुसरी बाटली अर्धा मिनिट खडखडून हलवायची,
तळाशी बसलेलं वर आलं नाही
तर आकडा खोटा येतो,
आणि खोटा आकडा नेहमी गोडच असतो.
मग तिचेही दहा. एक मिनिट हलवणं. पाच मिनिटं गप्प.

एकतीस वर्षं टील्टच्या औषधाच्या दुकानात
मी लोकांच्या खोकल्यांसाठी थेंब मोजले.
आता तळ्यासाठी मोजते.
हात थरथरतो, मोजणी नाही.

नळीत पिवळा आला तर कॉफी.
नारिंगी आला तर पाव तळं उपसायचं.
या एप्रिलमध्ये आला तो
बीट उकडलेल्या पाण्यासारखा.

दगडांना हिरवे केस फुटले होते.
आणि पाटर, आमचा पाद्रीबुवा,
डोक्यावर टकलासारखा पांढरा डाग, वय वर्षं एकोणीस,
दाणा तोंडात घेऊन परत थुंकत होता,
जणू उपासाचा वार चुकीचा सांगितला कुणी.

फिल्टरशी मी भांडले नाही.
त्यातले जिवाणू आपलं काम करतात :
जहराचं कमी जहर, कमी जहराचं नायट्रेट,
आणि तिथे हात टेकतात.
पुढचं दुसऱ्या खिडकीवर विचारा.

गुरुवारी उपसलं. सोमवारी उपसलं.
विहिरीचं गार, नितळ, काचेसारखं पाणी सोडलं.
बीट ते बीटच.
मग एका रात्री, झोपताना, सुचलं
की विहिरीलाच विचारावं.
विहीर तळ्याहून लाल निघाली.

कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि कुठे, ते मला ठाऊक होतं.
कुंपणापलीकडे ओडीलचं मक्याचं रान,
माझ्या धाकट्या भावाचं. अकराशे डुकरं.
हिवाळ्याची बंदी उठली की
टाकी ओढत ट्रॅक्टर निघतो
आणि अख्खी गल्ली दोरीवरचे कपडे आत घेते.
चार दिवसांत वास जातो.
म्हणजे, वास जातो.

मी त्याला पाण्यात पाहू लागले.
लोक हे नुसतं म्हणतात; मी रोज सकाळी,
काचेच्या नळीत, उजेडाकडे धरून.

रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले
ती नळी पर्समध्ये घेऊनच.
तो नातवाला पाव कापून देत होता.
मिठाच्या भांड्याखाली खाद्याचं बिल, न भरलेलं.
हे तळं खणलं तेही त्यानेच,
मी दुकान सोडलं त्या वर्षी, स्वतःचं यंत्र आणून,
आणि पैशांचं विचारलं तर नुसता खांदा उडवला होता.
पर्स मी उघडली नाही.

घरी मागच्या अंगणात त्याचीच एक जुनी डोणी पडलेली,
डुकरांच्या पाण्याची, दगडी, एका कडेला टवका.
तिच्यात खडी भरली,
बाजारातून आणलेली जलहालिमाची जुडी
देठादेठाने खोचली.
तळ्याचं पाणी पंपाने वर, मुळांमधून, परत खाली.
विहीर बंद केली. छपराखाली पिंप ठेवलं.
तीन आठवडे काहीच नाही.
मग असं माजलं की डोणी दिसेना.
कापलं, पुन्हा आलं. कापलं, पुन्हा.
जूनच्या मध्यावर नारिंगी.
पाटरने दाणा गिळला.

इतक्या पाल्याचं करायचं काय? सूप.
बटाटा, कांदा, आणि चांगलं रटरट उकळून.
ओडील कुंपणाची कात्री मागायला आला होता,
बसला, दोन वाडगे प्यायला,
"काय घातलंयस ह्यात?"
"तुझंच आहे," मी म्हटलं,
आणि खिडकीतून मक्याकडे पाहिलं.
त्यानेही पाहिलं.
कात्री न नेताच गेला.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या सकाळी कुंपणाच्या खांबावर
जॅमची बरणी, पाण्याने भरलेली, झाकण घट्ट,
वर त्याचं वाकडं अक्षर : आमची विहीर.
आणि बरणीमागे तो स्वतः, टोपी हातात.

दहा थेंब.
दुसरी बाटली मी त्याच्या हातात दिली.
"जोरात," मी म्हटलं, "अजून.
तळाशी बसलेलं वर यायला हवं."
आता पाच मिनिटं.
दोघेही गप्प.