हेलपाटे

डिसेंबरात आकुरेरीला साडेतीनलाच अंधार पडतो.
त्या अंधारात ओड्नीचा फोन:
"मेंढवाड्यात उभी आहे, हातमोजा दातात धरून.
समोर स्टाइनग्रिमुरचा एडका तापलाय
आणि तुझं ते चाक फिरतंय.
एक्केचाळीस सेकंद मोजले मी.
एडक्याला एवढा धीर नसतो, बाई."

विचारलं होतं तिनं साधंच:
या कळपातल्या कोणत्या मेंढ्या
ह्याच्या नात्यातल्या नाहीत?

मी नोंदी उघडून बसले.
मेंढ्या दोनशे बारा.
एकेकीसाठी माझा प्रोग्राम उठतो,
डेटाबेसच्या दारात जाऊन विचारतो, हिची आई कोण?
उत्तर घेऊन घरी येतो. टेकतो. पुन्हा उठतो.
आणि त्या आईची आई?
तिचा बाप?
त्याच्या कानाची खूण कुठल्या शेताची?
प्रश्नाच्या पोटात प्रश्न, त्याच्या पोटात आणखी एक,
पाच हजार नऊशे सदतीस हेलपाटे.

डेटाबेस एकदाही वैतागला नाही.
दर वेळी सात मिलीसेकंदांत
अदबीनं एकच ओळ हातावर ठेवली त्यानं.
अपराधी शोधायला निघाले
तर जो तो धावतच होता.

ब्रिन्यार म्हणाला, मोठं यंत्र भाड्यानं घेऊ.
म्हटलं, नवे बूट दिले म्हणून वाट तोकडी होते का?

खरं म्हणजे मागच्या वर्षी हेच दुखणं
मी झाकून ठेवलं होतं.
उत्तरं साठवायची, आणि विचारलं की तीच वाढायची,
शिळी, पण पटकन.
मग स्टाइनग्रिमुरचं पत्र आलं. पाकिटातलं, तिकीट लावलेलं:
'माझी फ्लेका फेब्रुवारीत मेली.
तुमच्या पडद्यावर ती अजून गाभण आहे.
असं जगवता येत असेल
तर माझ्या बायकोचंही नाव घालून बघा.'

ती साठवण मी त्याच रात्री पुसली.
पत्र खणात आहे.

रात्री दीडला कॉफी थंड झाल्यावर
सप्टेंबर आठवला.
सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरतात
आणि कोणीही, कितीही खुळा असला तरी,
एकेका मेंढीसाठी डोंगर चढत नाही.
सगळा कळप एकदाच खाली,
मधल्या गोल वाड्यात, धक्काबुक्की, वाफा, लेंड्या.
भोवती पाकळ्यांसारखे कप्पे,
दारादारावर शेताचं नाव.
आठ वर्षांची मी, एका मेंढीच्या शिंगाला लोंबकळत
तिचा कान चाचपला बोटांनी:
टोकाला चीर, मागं खाच.
आमचीच.
ओढत नेली आमच्या दारापाशी.
विचारायला कोणाच्या घरी गेले नव्हते मी.

लिहिलं मग तसंच.
कळप एकदम. त्यांचे आईबाप एकदम.
त्या आईबापांचे आईबाप, एकदम. त्यांच्याही वरचे.
शेवटी सगळ्या कानखुणा एका गाठोड्यात.
पाच खेपा.
निवडानिवड माझ्याच अंगणात.
कानखुणांच्या रकान्याला सूचीच नव्हती,
चार वर्षं नव्हती.
ती लावली, आणि ब्रिन्यारला काही बोलले नाही.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
बाहेर काळोखच, ओड्नीचा फोन:
"बोट लावलं आणि आलंसुद्धा. चुकलं तर नाही ना?"
थांब म्हणाली.
फोन तसाच चालू. कागदी वही उलटल्याचा आवाज,
मागं कोणीतरी खोकलं, माणूस की मेंढी कळलं नाही.
तिनं सात जणी हातानं पडताळल्या.
मी माझं चाक झाले तेवढा वेळ.

"बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली.
"फ्लेका मेलेली दाखवतंय. म्हाताऱ्याला बरं वाटेल.
तिची नात मात्र बाजूला काढली बघ तू.
एडका मामा लागतो तिचा."

मग फळीचं दार करकरलं
आणि फोन ठेवायला ती विसरली.