सतरा नंबरचा ठोकळा

इनास क्वाद्रुसच्या वहीत तो आहे.
पान चाळीस, निळी शाई, रोमी कोंकणी:
सतरा. तडा गेलाय. कडेला तांबूस. आज भरती मोठी.
आमच्या शोधनिबंधात तो नाही.

फर्मागुडीच्या प्रयोगशाळेत ओतले होते चोवीस,
जांभ्याची बारीक खडी, पोटात एकेक सळी,
पाठीवर रंगाने आकडे. मीच घातले.
सतरातल्या साताचं शेपूट जरा ओघळलं होतं.
जुव्याच्या मानशीला टांगून ठेवले चौदा महिने,
खाऱ्या पाण्यात बुडत, उन्हात सुकत, पुन्हा बुडत.
आणि रोज दोनदा इनास,
पाण्याची उंची, तारीख, मनात आलं तर एखादं वाक्य.
मार्चात सुंगटांचा भावही आहे.

तुटले तीन. सतरा, अठरा, वीस.
धायमोडकर सर म्हणाले,
"ओतताना काहीतरी चुकलं असेल."
असेल, म्हणाले.
त्या 'असेल'ला धरून मी रात्री तक्ता नीट केला.
एकवीस ठोकळे, आणि आलेख इतका सरळ
की सबंध फोंड्यात तसा एक रस्ता नाही.

लेखक चार.
मी, सर, सरांचा पुण्याला गेलेला विद्यार्थी,
आणि संचालक, ज्यांनी भट्टीची फाईल पुढे सरकवली
आणि मानस म्हणजे काय, हे मला लिफ्टमध्ये विचारलं.
इनास आभारांतही नाही.
"स्थानिक सहकार्याने" असं एका ओळीत आहे,
तो इनास.

साम्य तपासणाऱ्या यंत्राने अकरा टक्के दाखवले, हिरव्या रंगात.
उचललेलं वाक्य त्याला सापडतं.
गाळलेलं कुठे शोधणार बिचारं?
परीक्षक दोन. एकाने स्वल्पविराम सुधारले.
दुसऱ्याने स्वतःचेच तीन निबंध संदर्भांत घालायला सांगितले.
घातले.
सरांनी म्हार्दोळहून पेढे आणले.

चवथीच्या सुट्टीआधी जलस्रोत खात्यातून फोन.
आवाजावरून नुकतीच रुजू झालेली.
"मॅडम, सात गावांत मानशी नव्याने बांधतोय.
तुमचा तक्ता तीन जसाच्या तसा घेतला तर चालेल ना?"
मी म्हटलं, उद्या सांगते.
गाडी काढली आणि जुव्याला गेले.

ओहोटी होती. दारं उघडी, शेतातलं पाणी बाहेर निघालेलं.
इनास फार काही बोलला नाही.
मारियानचं भात गेलं म्हणाला गेल्या साली,
फळीतल्या करंगळीएवढ्या भोकाने.
कोरगुट ते, खाराला न भिणारं. तेही.
ठोकळा सतरा त्याच्याच घरी निघाला.
कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून.

संपादकांना लिहिते आहे. हा चौथा मसुदा.
पहिल्यात सरांचा दोष होता.
दुसऱ्यात बढतीचा, गुणांचा, वर्षाला दोन निबंधांच्या नियमाचा.
तिसरा इतका सुरेख उतरला
की माझाच त्याच्यावर विश्वास बसेना.
हा साधा आहे.
आम्ही चोवीस नमुने तपासले. तीन तुटले.
ते मी गाळले. तक्ता तीन वापरू नये.
बोटं आपोआप 'गाळले गेले' लिहीत होती.
खोडलं. 'मी' घातलं.

लेखकांच्या यादीबद्दल वेगळा परिच्छेद आहे.
सर फोन उचलत नाहीत.
निबंध मागे घेतील, की कोपऱ्यात दुरुस्ती छापतील,
ठाऊक नाही. मुलाखत पुढच्या महिन्यात.
त्या मुलीला आधीच कळवलं.
"मग कुठलं मिश्रण वापरू, मॅडम?"
अजून माहीत नाही, म्हणाले.
एवढं खरं वाक्य त्या सबंध निबंधात नव्हतं.

इनासला विचारलं, नाव घालू का तुमचं?
तो बराच वेळ हात पुसत राहिला.
मग म्हणाला, घाला.
पण क्वाद्रुस 'क्यू'ने.
पंचायतीत नेहमी 'के'ने लिहितात.