एक रिंग म्हणजे पाणी आलं

शनिवारी पहाटे स्वारगेटहून पाच पस्तीसची वेल्हे गाडी.
पिशवीत पाइप रेंच, दीड इंची युनियन, टेफ्लॉनच्या सहा गुंडाळ्या
आणि गुळपापडीचे दोन डबे:
एक माझा, एक ठकूबाई मरगळ्यांचा.
भोसरीत तेहेतीस वर्षं फिटर होतो.
निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा.
चालतो. चढ जरा जास्त आहे, एवढंच.

सोबत कॉलेजची चार पोरं.
नाझनीनच्या लॅपटॉपवर डोंगर हिरव्या-तपकिरी पट्ट्यांत कापलेला.
झरा इथे, धनगरवाडा तिथे, मधे अठ्ठावन्न मीटर.
ठकूबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या,
"अठ्ठावन्न काय ते मला म्हाईत न्हाई.
भरल्या हंड्यानं तीन इसावे हायती."
नाझनीनने वहीत लिहिलं: तीन विसावे.
पाइपाचे आधार आम्ही शेवटी तिथेच बांधले
जिथे बायका चाळीस वर्षं हंडे टेकवत आल्या होत्या.
दगड आधीच सपाट झाले होते.

पॅनेल वर नेताना दोघांच्या खांद्यावर
आभाळाचा एकेक तुकडा हेलकावत होता.
ओजस दोनदा घसरला. आभाळ फुटलं नाही.

वरून धरण दिसतं.
ठकूबाईंच्या सासऱ्यांचं भातखाचर त्याच्या तळाशी आहे,
त्या बोटाने जागा दाखवतात,
जणू बांधावर कुणी अजून बसलंय.
ते पाणी उतरत उतरत शहराकडे जातं,
माझ्या तिसऱ्या मजल्यावर, कर्वेनगरात, सकाळी सहाला येतं.
इथवर मात्र चढत नाही.
पाणी उताराकडेच जातं, असं मीही शिकाऊ पोरांना सांगत आलो.
तिसऱ्या मजल्याचं तेव्हा कधी डोक्यात आलं नाही.

घरटी दोन दिवे, असं कागदावर होतं.
ठकूबाईंनी त्यांतला एक करडांच्या कुडाला लावायला सांगितला.
ओजस म्हणाला, "आजी, मुलांच्या अभ्यासासाठी आहे तो."
"पोरं दिसा बी शिकत्यात.
बिबट्या रातीचाच येतो."
मी शिडी उचलली आणि कुडाकडे गेलो.

पौषात पंप फिरत होता आणि टाकी कोरडी.
चार तास पाइपावर हात फिरवत उतरलो.
कारवीखाली ओलं दिसलं, दातांचे व्रण,
पटाशीने काढावेत इतके साफ.
साळिंदर.
आमच्या आराखड्यात सगळ्यांची तहान मोजली होती,
त्याची राहिली.
ठकूबाईंचा नातू येसू याने मग हातभर खोल चर खणला
आणि झऱ्यापाशी एक डबकं ठेवलं, झाकण नसलेलं.
ते कुणासाठी, त्याने सांगितलं नाही.

मोबाइलला रेंज फक्त एका धोंड्यावर.
म्हणून ठरवलं:
एक रिंग म्हणजे पाणी आलं.
दोन म्हणजे पंप थांबला.
उचलायचा नाही, पैसे जातात.

एक रिंग आली की मी स्वयंपाकघरात जातो,
नळ सोडतो, बंद करतो.
बायको विचारते, काय झालं?
काही नाही, म्हणतो.

काल सोसायटीची सभा. एक दिवसाआड पाणी येणार,
त्यावर दीड तास ओरडा.
कुणी टँकरचा भाव सांगितला, कुणी बोअरची खोली.
"घोलप, तुमचं काय म्हणणं?"
तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
एक.
दोन.
तीन.

तीनचं आमचं काही ठरलं नव्हतं.

परत लावला तर क्षेत्राबाहेर.
ठकूबाई, की येसू, की कुणाचा तरी घाईतला अंगठा,
की टाकी इतकी भरली की सांगितल्यावाचून राहवलं नाही,
की कुडाचा दिवा.

सभा चालू होती. मी चपला शोधल्या.
आज मंगळवार.
पिशवी दाराशी आहे, रेंच वरच ठेवलाय,
बायकोने न विचारता गुळ किसायला घेतलाय.
पहिली गाडी पाच पस्तीसला.